घुमटाखाली चहूबाजूंनी आवाज: स्पीकर किती, कुठे आणि कसे लावावेत?

सह्यकडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे नाटकाला साउंड करणारेही आहेत आणि रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसणारेही. मला दोघांची मदत हवी आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी एका शिक्षणसंस्थेचं छोटं तारांगण आहे. बाहेरून काँक्रीटचा घुमट, आतून बारीक छिद्रांच्या ॲल्युमिनियम पत्र्याचा पडदा आणि दोन्हींच्या मध्ये साधारण मीटरभर पोकळी. पडद्याचा व्यास १० मीटर. अर्धगोल जिथून सुरू होतो ती कड जमिनीपासून २.२ मीटरवर. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या, पाठ रेलता येणाऱ्या, सत्तरच्या आसपास. बसलेल्या माणसाचा कान १.१ मीटरवर येतो. जुना प्रक्षेपक जाऊन डिजिटल आला, चित्र झकास झालं. आवाज मात्र तोच: कडेला कानाच्या उंचीवर चार स्पीकर, चौघांतून एकच निवेदन.

तक्रारी दोन आहेत. कडेला बसणाऱ्याला फक्त आपल्या डोक्यामागचा स्पीकर ऐकू येतो, बाकीचे तीन असून नसल्यासारखे. आणि मधल्या ओळींतल्या काही खुर्च्यांवर निवेदक नाकात बोलल्यासारखा वाटतो. त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर बसलं की ठीक!

एका विक्रेत्याने ५.१ चं (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर) कोटेशन दिलंय, पाचही स्पीकर एकाच उंचीवर. मी नाटकाला साउंड करतो म्हणून संस्थेने निर्णय माझ्या गळ्यात घातलाय. मला वाटतं घुमटात वरूनही आवाज यायला हवा, नाहीतर आकाश दाखवून उपयोग काय? पण किती स्पीकर, कुठल्या उंचीवर, पडद्याच्या आत की मागे? पैसे अगदीच तुटपुंजे नाहीत, पण उधळायलाही नाहीत.

आळशी_मुंगूस

पहिला! आधी विजापूरला जाऊन गोलघुमटात टाळी वाजवून या, मग कोटेशनवर सही करा.

कानसेन_सोलापूर

मुंगूसराव गमतीत बोलले, पण सुरुवात तिथूनच करायला हवी. आम्हा सोलापूरकरांची शाळेची सहल विजापूरला ठरलेलीच. मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ मधली, घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. घुमटाच्या तळाशी आतून जो सज्जा आहे तिथे भिंतीला तोंड लावून कुजबुजलं तरी समोरच्या टोकाच्या माणसाला ऐकू जातं, कारण आवाज अंतर्वक्र भिंतीला चिकटून सरकत जातो. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या सज्जाबद्दल लॉर्ड रॅले यांनी हे स्पष्टीकरण दिलं होतं. आपले सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सुमारास सदरलँड यांच्यासोबत सेंट पॉलमध्ये प्रयोग केले आणि मग गोलघुमट, पाटण्याचं गोलघर यांवरही लिहिलं. म्हणजे हा विषय आपल्याकडे शंभर वर्षं जुना आहे.

आता तुमच्या नाकातल्या निवेदकाकडे येतो. घुमट हा आवाजासाठी अंतर्वक्र आरसा. गोलाच्या केंद्रातून निघालेला आवाज परत केंद्रातच येतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण स्पीकर केंद्रात नसतात, कडेला असतात. शाळेत शिकलेलं आरशाचं सूत्र लावून बघा: कडेवरच्या स्पीकरचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत एकवटतो तो त्या भिंतीपासून व्यासाच्या एक तृतीयांश अंतरावर. तुमच्या १० मीटरच्या घुमटात भिंतीपासून ३.३ मीटरवर. कडेला चार स्पीकर, म्हणून अशा चार जागा. त्या "काही खुर्च्या" मोजून बघा, बहुतेक याच जागांच्या आसपास निघतील.

त्या जागी थेट आवाज ६.७ मीटर चालून पोचतो आणि परतलेला १३.३ मीटर. फरक ६.७ मीटर, म्हणजे साधारण १९ मिलिसेकंद. एवढ्या थोड्या वेळात कानाला दोन आवाज वेगळे ऐकू येत नाहीत, ते एकमेकांत मिसळतात. काही स्वर वाढतात, काही खाल्ले जातात आणि आवाज नाकातला होतो. ३८ मीटरच्या घुमटात हाच हिशेब केला तर फरक ७० मिलिसेकंदांच्या पुढे जातो, आणि तिथे चक्क वेगळा प्रतिध्वनी मिळतो. लहान घुमटाचा दोष म्हणून लवकर पकडता येत नाही. लोकांना वाटतं स्पीकरच हलक्या प्रतीचा आहे.

सह्यकडा

कानसेनजी, दंडवत! उद्याच टेप घेऊन मोजतो. पण पडदा तर छिद्रांचा आहे ना? मग आपटतंय कुठे?

वायरमन_बापू

पडद्यावर नाय, मागच्या काँक्रीटवर.

तारांगणाच्या पत्र्यात छिद्रांचं क्षेत्रफळ साधारण वीस-पंचवीस टक्के असतं. डोळ्याला पत्रा अखंड दिसतो, आवाज बराचसा आरपार जातो, फक्त अगदी वरचे स्वर थोडे अडतात. म्हणजे तुमच्या आवाजाचा घुमट हा ॲल्युमिनियमचा नसून बाहेरचा काँक्रीटचा आहे. (तो मीटरभर मोठा धरून कानसेनचं गणित परत करा, जागा थोडी सरकेल.) स्पीकर एक असो की पन्नास, ते काँक्रीट उघडं असेल तर पैसे पाण्यात.

म्हणून पहिला खर्च स्पीकरचा नाही. काँक्रीटला आतून ५० मिलिमीटर रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर), वर काळं कापड. काळंच. पांढरं लावलंत तर प्रक्षेपकाचा उजेड छिद्रांतून मागे जाऊन परत येईल आणि पडद्यामागचा सांगाडा प्रेक्षकाला दिसेल. सगळा घुमट मढवणं परवडत नसेल तर घुमटाच्या बैठकीपासून (अर्धगोल जिथून सुरू होतो त्या कडेपासून) वर दोन-अडीच मीटरचा पट्टा तरी कराच. कडेचे स्पीकर समोर आपटतात ते तिथेच, आणि ती भिंतीला चिकटून सरकणारी कुजबुजही तिथेच मरते.

५० मिलिमीटरने खर्ज शोषला जात नाही, त्याला जाडी लागते. वूल भिंतीला न चिकटवता मागे चार बोटं जागा सोडली तर थोडा फायदा होतो. तुमच्याकडे मीटरभर पोकळी आहे, सोडा की.

टेक्निकल_तात्या

बापूंच्या वूलला +१. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलची गोष्ट या निमित्ताने आठवली. हॉल १८७१ चा, वर प्रचंड घुमट, आणि प्रतिध्वनी असा की इथे संगीतकाराला आपली रचना दोनदा ऐकायला मिळते असा विनोद प्रचलित होता. अखेर १९६९ मध्ये छताखाली फायबरग्लासच्या तबकड्या टांगल्या, त्यांना तिथे "मशरूम" म्हणतात. शंभर वर्षं थांबण्यापेक्षा आधीच वूल लावा.

आता मांडणी. माणसाचा कान आडव्या दिशेत फार तिखट असतो. नाकासमोरचा आवाज एक-दोन अंश सरकला तरी कळतं. उभ्या दिशेत तोच कान बोथट. म्हणून स्पीकर गोलावर समान अंतराने वाटणं कागदावर सुंदर दिसतं, पण पैसे कमी असतील तर जास्त स्पीकर खालच्या कड्यात आणि थोडे वर, हेच शहाणपणाचं. मी सुचवेन: खालचं कडं ८ स्पीकरचं, दर ४५ अंशांवर. दुसरं कडं ४ स्पीकरचं, केंद्रापासून सुमारे ५० अंश वर, खालच्या आठांच्या मधोमध येतील असं २२.५ अंशांनी फिरवून. आणि एक खस्वस्तिकाला, अगदी डोक्यावर. एकूण १३, शिवाय खर्जासाठी दोन सबवूफर.

५.१ आठ स्पीकरवर वाजवता येतं, पण पाच स्पीकरच्या खोलीत वरून येणारा आवाज कधीच आणता येणार नाही. त्यामुळे ते कोटेशन बाजूला ठेवा.

वायरमन_बापू

तात्या, आकडा मान्य. पण खालचं कडं कुठल्या उंचीवर, हे ठरल्याशिवाय धाग्यातली पहिली तक्रार सुटत नाही.

समजा स्पीकर कानाच्या उंचीवर आहे. भिंतीजवळचा प्रेक्षक त्याच्यापासून दीड मीटरवर, समोरच्या टोकाचा साडेआठ मीटरवर. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी, या हिशेबाने दोघांत १५ डेसिबलचा फरक. शिवाय जवळच्या स्पीकरचा आवाज समोरच्या स्पीकरच्या २० मिलिसेकंद आधी येतो, आणि जो आवाज आधी पोचतो त्याच दिशेला कान सगळं नेऊन बसवतो. सह्यकडांच्या कडेच्या प्रेक्षकाला बाकीचे तीन स्पीकर "असून नसल्यासारखे" का, ते यातच आलं.

आता तोच स्पीकर साडेतीन मीटरवर न्या. जवळच्यापासून अंतर २.८ मीटर होतं, लांबच्यापासून ८.८. फरक १० डेसिबलवर आला. आणि स्पीकरचं तोंड जवळच्याच्या डोक्यावरून समोरच्या अर्ध्याकडे करा. जवळचा माणूस त्याच्या मुख्य झोताबाहेर राहतो, त्याला वरचे स्वर आणखी कमी जातात. असं दोन्ही बाजूंनी ओढून खुर्च्या जवळ आणता येतात. केंद्रातून बघितलं तर साडेतीन मीटर म्हणजे बैठकीच्या फक्त १५ अंश वर, प्रेक्षकाला ते "क्षितिजावर"च वाटतं.

लोक विचारतात, डिले लावून, म्हणजे जवळच्या स्पीकरचा आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडून, नाही का जमणार? डिले एका जागेसाठी जमतो. सत्तर खुर्च्यांसाठी एकच डिले कसा देणार?

खगोलमावशी

मी बरीच वर्षं तारांगणात निवेदन करते, माईकवर समोरासमोर. ध्वनिशास्त्रातलं मला फार कळत नाही, पण घुमटाखाली माणसं कशी बसतात आणि कशाला कंटाळतात ते कळतं.

पहिलं म्हणजे, गोल खुर्च्या असल्या तरी कार्यक्रमाला समोर असतंच. घुमटासाठी बनवलेल्या गोल चित्रात खालची कड म्हणजे "समोर", सूर्योदय तिथे, माणसाचा चेहरा आला तर तिथे. गोल बसवलेले अर्धे प्रेक्षक तिकडे मान वळवून बसतात. निवेदन त्या बाजूने येऊ दे, ते चौफेर वाजवू नका. मुलं आवाजाच्या दिशेने बघतात, आणि निवेदन चारही बाजूंनी आलं की सत्तर मुलं सत्तर दिशांना बघतात.

दुसरं, तात्यांचा तो डोक्यावरचा स्पीकर. त्यातून निवेदन अजिबात नको. आकाशवाणी झाल्याची भावना पहिली दोन मिनिटं गंमतशीर वाटते, मग मानगुटीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं.

तिसरं, बहुतेक तयार कार्यक्रम ५.१ मध्ये येतात, कधी साधे स्टिरिओ. तेरा वाटांचा (चॅनलचा) आवाज असलेला कार्यक्रम तुम्हाला कुणी देणार नाही, तो स्वतः बसून मिसळावा लागतो. ते कोण करणार, हे आजच ठरवा. घेतलेली सामग्री वाजवायला माणूस नाही म्हणून धूळ खात पडलेली मी पाहिली आहे.

आणि निवेदकाचा माईक घुमटाच्या मध्यापासून लांब, कडेच्या टेबलावर ठेवा. मध्यभागी माईक ठेवला की शिट्टी ठरलेली.

आळशी_मुंगूस

मावशी, सत्तर मुलं सत्तर दिशांना बघतात ते आवाजामुळे नव्हे, शेजारच्याला चिमटा काढण्यासाठी. बाकी +१.

मॉन्ट्रियलकर

उशिरा आलो, पण इथे माझ्या शहराचा उल्लेख व्हायलाच हवा. मॉन्ट्रियलमध्ये सॅट नावाच्या संस्थेचा १८ मीटर व्यासाचा घुमट आहे, सॅटोस्फीअर, २०११ पासून. पडद्यामागे १५७ स्पीकर. पण १५७ स्वतंत्र वाटा नाहीत. ते ३१ गटांत बांधलेले आहेत आणि आवाज गटागटाने हलवतात. मला तिथे आवडलं ते हे की लोक जमिनीवर लोळतात, फिरतात, कुठूनही ऐकतात. केंद्रात एकच राजेशाही खुर्ची आणि बाकी सगळे प्रजाजन, असा मामला नाही.

हे खूळ मुळात तारांगणातलंच. १९५७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉरिसन तारांगणात हेन्री जेकब्स आणि जॉर्डन बेल्सन यांनी "व्हॉर्टेक्स" नावाचे कार्यक्रम सुरू केले. घुमटभर स्पीकर, त्यांवर टेपवरचं इलेक्ट्रॉनिक संगीत आणि आवाज गोल फिरवणारं यंत्र. पुढे १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात जर्मनीने अख्खा गोल बांधला. प्रेक्षक आवाज आरपार जाईल अशा जाळीच्या फरशीवर बसायचे आणि ५० च्या आसपास स्पीकर त्यांच्या भोवती, वर आणि चक्क पायाखालीही. कार्लहाइन्त्स श्टॉकहाउझेन यांचं संगीत तिथे प्रदर्शन चालू असेपर्यंत रोज वाजायचं. खालून येणारा आवाज आजच्या घुमटांना सहसा परवडत नाही, पण ऐकण्याचा गोल तिथे खरंच पूर्ण होता.

पुणेरी_पगडीवाला

मॉरिसनच्या आधी, १९५४ मध्ये, पुण्यात टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये कुसुमबाई मोतीचंद तारांगण सुरू झालं होतं, हे नोंदवून ठेवतो. स्पीकरचं माहीत नाही, तारे दिसायचे. चालू द्या.

लास_वेगास_रिटर्न

मंडळी, लास वेगासला २०२३ मध्ये उघडलेला स्फीअर, ते गोलाकार प्रेक्षागृह, पाहिला (ऐकला) का कुणी? सुमारे १,६०० स्पीकर पेट्या, त्यांत मिळून एक लाख सदुसष्ट हजारांच्या आसपास ड्रायव्हर (पेटीतले प्रत्यक्ष आवाज काढणारे भाग), सगळे एलईडी पडद्यामागे. आवाजाचा झोत हव्या त्या खुर्च्यांवर नेमका टाकतात. भिंतीवर आपटूच द्यायचं नाही. कानसेनजींचा सगळा प्रश्नच मिटला!

कानसेन_सोलापूर

मिटला नाही, विकत घेतला. पण मुद्दा बरोबर आहे: आवाज काँक्रीटवर पडूच द्यायचा नाही, श्रोत्यांवर टाकायचा. बापू स्पीकरचं तोंड खुर्च्यांकडे खाली वाकवतात, तो याच तत्त्वाचा स्वस्त अवतार. स्पीकर निवडताना उभ्या दिशेत किती पसरतो ते बघा. कमी पसरणारा घ्या.

सह्यकडा

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. एक शंका. तेरा स्पीकर लावले, तर आवाज त्यांच्यातून फिरवायचा कसा? काही जण ॲम्बिसॉनिक्स म्हणतात, काही व्हीबॅप. नाटकात आम्ही डावा-उजवा यापलीकडे जात नाही.

टेक्निकल_तात्या

दोन्ही पद्धतींची वृत्ती वेगळी आहे.

व्हीबॅप १९९७ मध्ये फिनलंडच्या व्हिले पुल्की यांनी मांडली. घुमटावरचे स्पीकर त्रिकोणांनी जोडायचे. आवाज ज्या दिशेला हवा तो ज्या त्रिकोणात पडतो, त्याच तीन कोपऱ्यांतून वाजवायचा, बाकीचे गप्प. बरोबर स्पीकरवर आला तर एकच वाजतो. तोटा असा की फिरवताना आवाज कधी टोकदार तर कधी पसरट होतो.

ॲम्बिसॉनिक्स १९७० च्या दशकात ऑक्सफर्डच्या मायकेल गर्झन यांनी उभी केली. तिथे आवाज स्पीकरच्या भाषेत साठवतच नाहीत, मधल्या बिंदूभोवतीचं ध्वनिक्षेत्र साठवतात, आणि वाजवताना तुमच्या मांडणीप्रमाणे डीकोड करतात. पहिल्या दर्जाला ४ वाटा, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला १६. स्पीकर किमान तितके हवेत, म्हणजे तेरांत दुसरा दर्जा आरामात बसतो. फायदा मोठा: एकदा मिसळलेला कार्यक्रम उद्या दुसऱ्या घुमटात नेला तर फक्त डीकोडर बदलायचा.

गोम अशी की डीकोडरला पूर्ण गोल अपेक्षित असतो आणि आपल्याकडे अर्धाच आहे. ऑस्ट्रियात ग्राझच्या आयईएम संस्थेचे प्लगइन फुकट मिळतात, त्यातला ऑलरॅड डीकोडर (त्सोटर आणि फ्रांक यांनी २०१२ मध्ये मांडलेली पद्धत) अशा अपुऱ्या मांडणीसाठीच आहे. अधःस्वस्तिकाला, म्हणजे पायाखाली, एक काल्पनिक स्पीकर नोंदवायचा. तो वाजत नाही, पण गणित कोसळत नाही. रीपर या ध्वनिमिश्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकवर १२८ वाटा मिळतात, एवढ्यात सगळं भागतं.

माझं मत ॲम्बिसॉनिक्सच्या बाजूने.

वायरमन_बापू

माझं विरुद्ध. ॲम्बिसॉनिक्स कमी दर्जात बहुतेक सगळे स्पीकर एकदम वाजवतं. मध्यावर बसलेल्या माणसाला त्यातून दिशा मिळते. कडेच्या माणसाला? परत तेच: शेजारचा स्पीकर आधी ऐकू येणार आणि अख्खी आकाशगंगा त्याच्या खांद्यावर उतरणार. तारांगणात मध्यावर कोण बसतं? प्रक्षेपक! सगळी माणसं कडेला.

व्हीबॅपमध्ये फार तर तीन स्पीकर वाजतात. धूमकेतू ईशान्येला असेल तर कडेच्या माणसालाही तो निदान ईशान्येकडचाच वाटतो.

टेक्निकल_तात्या

बापू, यावर भांडायची इच्छा होती, पण "मध्यावर प्रक्षेपक बसतो" याला उत्तर नाही. मग असं करू: ज्याला दिशा आहे ते, म्हणजे निवेदन, धूमकेतू, रॉकेट, व्हीबॅपने. ज्याला दिशा नसली तरी चालते, वारा, समुद्र, अवकाशातली ती कायमची घुंऽऽ, ते ॲम्बिसॉनिक्सने. दोन्ही एकाच प्रोजेक्टमध्ये राहू शकतात.

वायरमन_बापू

हे चालेल.

खगोलमावशी

अवकाशात आवाज नसतो, हे मुलांना सांगून झाल्यावर ती घुंऽऽ वाजवायची का, हा प्रश्न मी दर वेळी विचारते आणि दर वेळी हरते.

सह्यकडा

चाचणी घेतली. सविस्तर लिहितो.

आधी मोजमाप. नाकातल्या आवाजाच्या खुर्च्या खरोखर समोरच्या भिंतीपासून तीन-साडेतीन मीटरच्या पट्ट्यात निघाल्या. रॉकवूल अजून आलेलं नाही, म्हणून संस्थेच्या वसतिगृहातून रजया मागवल्या आणि एका स्पीकरच्या समोरच्या काँक्रीटवर पोकळीत टांगल्या. त्या बाजूच्या खुर्च्यांवर निवेदक तत्काळ माणसात आला. रजया काढल्या, परत नाकात. मुख्याध्यापकांना तिथे बसवून दोन्ही ऐकवलं. वूलची मंजुरी तिथल्या तिथे मिळाली, कागद नंतर झाले.

मग नाटकाचे आठ स्पीकर परांचीवर साडेतीन मीटरला, तोंड समोरच्या अर्ध्याकडे. कडेच्या खुर्चीवर बसून फिरता आवाज ऐकला. गोल पूर्ण होतो. आपल्या मागून जाताना मोठा होतो, पण समोर गेल्यावर हरवत नाही. आधी तो हरवायचा.

वरचे चार उधार आणून लावले तेव्हा मजा आली. पाऊस सोडला, आणि ऐकायला आलेल्या शिपाईमामांनी खरोखर वर बघितलं. खस्वस्तिकाचा एकटा स्पीकर मात्र मला पटला नाही. वरचे चार असताना तो काढला तरी कुणालाच फरक कळला नाही. एकदाच कळला, मुद्दाम त्यातून निवेदन सोडलं तेव्हा, आणि मावशी म्हणाल्या तेच झालं. म्हणून ८ + ४ करतोय. डोक्यावर फक्त हूक आणि केबल टाकून ठेवीन.

एक अडचण राहिली. पडद्यामागे स्पीकर नेल्यावर निवेदन थोडं मंद वाटतं, आणि खर्ज वाढवला की पत्रा कुठेतरी झणझणतो.

वायरमन_बापू

मंद वाटणं छिद्रांमुळे. ८-१० किलोहर्ट्झच्या वर दोन-तीन डेसिबल उचला, ऐकून. स्पीकर पत्र्याला टेकवू नका, वीतभर मागे. स्पीकरचं वजन काँक्रीटवर घ्या, पडद्याच्या सांगाड्यावर नाही, आणि प्रत्येकाला दुसरी सुरक्षा-तार. खाली मुलं बसणार आहेत.

झणझणीसाठी खर्जापासून २०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जाणारा एकच सूर लावा आणि एक माणूस पोकळीत टॉर्च घेऊन फिरवा. ढिली रिव्हेट स्वतः हाक मारते. हे काम वूल लावायच्या आधी करा, नंतर तिथे हात जात नाही. आणि प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना नंबर टाका. आठातला सहावा कुठला हे परांची उतरल्यावर कुणी सांगू शकत नाही.

टेक्निकल_तात्या

लेव्हल सारख्या करताना मीटर मध्यावर एकदा आणि कडेच्या चार खुर्च्यांवर एकदा धरा, आणि सरासरीवर बसवा. वरचे चार मध्यापासून जेमतेम अर्धा मीटर लांब पडतात, म्हणजे खालच्या कड्याला दीड मिलिसेकंद डिले. तेवढा द्या, त्याहून जास्त अचूकतेच्या मागे लागू नका. सबवूफर ८० हर्ट्झच्या खाली कापा. दोन्ही एकाच कोपऱ्यात ठेवू नका, समोरासमोर ठेवून ऐका आणि जिथे खुर्च्यांमध्ये फरक कमी पडेल तिथे थांबा.

खगोलमावशी

सहली डिसेंबरात सुरू होतात. तोवर काय काय होईल?

सह्यकडा

वूल आणि खालचं आठाचं कडं नक्की. वरचे चार परीक्षांनंतर, तेव्हा परांची परत बांधू. तोवर तात्यांनी सांगितलेलं रीपरमध्ये जमवायला घेतो. वूल फॅब्रिकेटरकडून उद्या येतंय, रिव्हेटचं काम आज रात्रीच करतो.